आठ थांब्यांचं वर्तुळ

कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्याला आहे. इथून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचं अंतर आमच्या स्टेशनापासून मोजलं जातं. अष्टमी आणि रोहा यांच्यामध्ये कुंडलिका वाहते. नगरपालिका दोघांची एकच, पण स्टेशनाच्या पाटीवर नाव एकट्या रोह्याचं. १९८६ साली आपट्याहून रूळ आमच्यापर्यंत आले आणि काही वर्षं इथेच संपले. १९९३ मध्ये ते पुढे वीरपर्यंत गेले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पुरा मार्ग सुरू झाला. माझं बालपण या मधल्या वर्षांतलं. माझे मोठे काका तेव्हा ठेकेदाराकडे मुकादम होते. घरी जेवताना बोगदा, भराव, खडी हेच शब्द कानावर पडत.

एवढं असूनही रेल्वेची एकच दिशा माझ्या ओळखीची होती, पनवेलची. कॉलेजला असताना दिवा पॅसेंजर, पुढे कामानिमित्त मेमू. दक्षिणेकडे चिपळूणच्या एका लग्नापलीकडे मी गेले नव्हते. धाटावच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करता करता पस्तिशी आली. गेल्या वर्षी नोकरी बदलायचं ठरलं. जुनी सुटणं आणि नवी सुरू होणं यांच्यामध्ये दीड महिना मोकळा मिळणार होता. श्रावणातल्या एका संध्याकाळी मी घरात सांगून टाकलं, "पाठीवर सॅक टाकून, रेल्वेने, एकटी देश बघून येणार आहे."

आई म्हणाली, "देश म्हणजे कुठे?"

प्रश्न अगदी रास्त होता. पुढचे काही महिने त्याचंच उत्तर शोधण्यात गेले.

मनात एक नाव आधीपासून पक्कं होतं, झाशी. त्याचं कारण आमच्याच जिल्ह्यातलं. पेण तालुक्यात बाळगंगेच्या खोऱ्यात वरसई आहे. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरची गरिबी होती. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानावर आली होती. महूच्या आसपास त्यांना बंडाची चाहूल लागली, आणि यज्ञासाठी निघालेले भटजी युद्धाच्या मधोमध सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. मिळवलेलं लुटलं गेलं, तरी आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेचं पाणी कावडीतून वरसईपर्यंत आणलंच. पुढे त्यांनी लिहिलेलं 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. हे पुस्तक मी शाळेत असताना वाचलं आणि तेव्हापासून पेणला एसटी थांबली की मला झाशी आठवते. याच तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. १९५१ पासून भूदानासाठी तेही देशभर पायीच हिंडले. घाटापलीकडचा मुलूख पायी तुडवणारी दोन माणसं आमच्या शेजारच्या एका तालुक्याने दिली, याचा मला खरोखर अभिमान आहे.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखीच मोबाइलवर तिकिटं शोधू लागले. पनवेल ते एर्नाकुलम एक, तिथून पुढे दुसरं, मग तिसरं. बेरीज होत गेली आणि रक्कम डोळ्यांत भरू लागली. काका शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "अगं, तुकडे का करतेस? तुकड्याला भाव जास्त पडतो." ते आत गेले आणि 'ट्रेन्स ॲट अ ग्लान्स'ची जुनी, पानं सुटायला आलेली प्रत घेऊन आले. नियमांच्या बारीक अक्षरातल्या पानांवर चक्रीय प्रवासाच्या तिकिटाबद्दल लिहिलेलं होतं.

या तिकिटाबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण ते आजही आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. ज्या स्टेशनावरून निघायचं तिथेच परत यायचं, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरून राहायचं, आणि सगळ्या फेरीचं तिकीट एकच. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी होत जातं. या तिकिटात एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि दोन लांब प्रवास धरून भाडं लावतात. माझं वर्तुळ साधारण सात हजार किलोमीटरचं होत होतं, म्हणजे साडेतीन हजारांचे दोन प्रवास. पाचशे-सातशे किलोमीटरच्या तुकड्यांच्या मानाने हा दर बराच उतरतो. मुदतही सढळ असते. दर ४०० किलोमीटरला एक दिवस प्रवासाचा आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस थांब्यांचा. सात हजार किलोमीटरला पन्नासहून जास्त दिवस मिळतात. माझ्याकडे तेवढे दिवसच नव्हते.

फक्त हे तिकीट मोबाइलवर निघत नाही. आधी आपला मार्ग लिहून विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. तिथे अंतर आणि भाडं काढून स्टेशनाला कळवतात. मग निघायच्या स्टेशनावर तिकीट घ्यायचं, आणि त्यानंतर आरक्षणाच्या खिडकीवर एकेका टप्प्याची जागा राखून घ्यायची. आरक्षणाचे आणि सुपरफास्टचे पैसे वेगळे. आमचं रोहा मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतं, म्हणजे अर्ज मुंबईला. पनवेलहून निघालीस तर गाड्या जास्त मिळतील, असं बाबा म्हणत होते आणि ते खरंही होतं, लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांसाठी आम्हाला पनवेल गाठावंच लागतं. पण तिकिटावर पहिलं आणि शेवटचं नाव रोहाच हवं, यावर मी अडून बसले. पनवेलला नुसती गाडी बदलायची. गाडी बदलणं म्हणजे थांबा नव्हे, त्यामुळे आठातला एकही खर्च होत नाही.

आता आठ नावं. वाटलं होतं, एका बैठकीत होतील. गणपती येऊन गेले तरी यादी पुरी होईना.

काकांना मी एका दमात मोठी मजल मारावी असं वाटत होतं. कन्याकुमारीहून आसामातल्या दिब्रुगढला जाणारी विवेक एक्सप्रेस त्यांनी बोटाने दाखवली. चार हजार किलोमीटरांहून लांब, देशातली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी. विवेकानंदांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने २०११ मध्ये ती सुरू झाली. मलाही मोह पडला, पण पहिल्याच फेरीत तीन-चार रात्री एका डब्यात काढून सगळा पूर्व किनारा खिडकीतून मागे टाकायचा, हे मनाला पटेना. मला उतरायचं होतं. स्टेशनाबाहेर पडून रस्त्यावर काय विकलं जातंय, लोक कोणत्या भाषेत भांडताहेत, हे बघायचं होतं.

एर्नाकुलम, कन्याकुमारी, मदुराई, चेन्नई, हावडा, न्यू जलपायगुडी, वाराणसी, झाशी अशी यादी झाली. आईने ती वाचली आणि म्हणाली, "काशी करणार आणि रामेश्वर सोडणार? असं कोण करतं?"

मी तीर्थयात्रेला निघाले नव्हते, तसं तिला सांगितलंही. ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिने सांगितलं, की तिच्या आजीने काशीहून गंगेचं पाणी आणलं होतं आणि ते रामेश्वराला न्यायचं राहून गेलं. तो गडू माहेरच्या देवघरात कित्येक वर्षं तसाच होता. मग मी रामेश्वरची माहिती काढली. पांबनचा १९१४ सालचा जुना पूल गाड्यांसाठी बंद झाला होता आणि काही वर्षं रेल्वे बेटापर्यंत जातच नव्हती. ६ एप्रिल २०२५ रोजी नवा पूल सुरू झाला. त्याचा मधला भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. कन्याकुमारीहून रामेश्वरला थेट गाडी आहे, पण ती रोज नसते. मदुराई खोडली आणि तिथे रामेश्वर लिहिलं. या बदलाचा मला नंतर फार आनंद झाला. मदुराई पुढच्या खेपेला.

न्यू जलपायगुडीवर बाबांचा आक्षेप होता. नुसतं जंक्शन आहे, तिथे काय बघणार? पण दार्जिलिंगची छोटी रेल्वे तिथून वर चढते. ती १८८१ पासून चालते आणि युनेस्कोने १९९९ मध्ये तिला जागतिक वारशात घेतलंय. तिचं तिकीट माझ्या तिकिटात येणार नव्हतं, ते वेगळं काढायचं. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हिमालयाचा पायथा बघावासा वाटणारच.

मार्ग ठरला तरी कधी निघायचं हा प्रश्न होताच, आणि माझ्या मते नियोजनातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. देश एवढा मोठा की सगळीकडे एकाच वेळी चांगली हवा मिळत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, दरडींच्या भीतीने गाड्या सावकाश चालवतात. ते ऑक्टोबरात संपतं, तर तमिळनाडूत परतीचा पाऊस सुरू होतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेच्या मैदानात धुकं, आणि गाड्या तासन्‌तास उशिरा. जानेवारीच्या मध्यावर पोंगलची गर्दी. मार्चच्या सुरुवातीला होळी, तेव्हा बिहार-उत्तर प्रदेशकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. आणि होळी म्हणजे आमचा शिमगा. कोकणातला माणूस जगात कुठेही असो, शिमग्याला घरी यायला बघतो.

मी कॅलेंडरवर ही सगळी संकटं लाल पेनाने भरली आणि उरलेल्या पांढऱ्या जागेत प्रवास बसवला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघून आधी दक्षिण. तोवर पोंगल उरकलेला. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात बंगाल. उत्तरार्धात, धुकं विरल्यावर, काशी आणि झाशी. होळीच्या आत रोहा. हेच वर्तुळ उलट फिरवलं असतं तर जानेवारीत काशीच्या अलीकडे धुक्यात अडकले असते. दिशा हवेने ठरवली, आणि मग एक गंमत लक्षात आली. दिल्लीहून केरळला जाणारी मंगला एक्सप्रेस झाशीवरून येते, भुसावळ, कल्याण करत पनवेलला पोचते आणि कोकणातून एर्नाकुलमला जाते. म्हणजे जाताना पनवेलहून आणि येताना झाशीहून मला तीच गाडी, त्याच दिशेने जाणारी, मिळत होती. कोकण ती दिवसा ओलांडते. काकांनी खडी टाकलेली वाट मला उजेडात बघायला मिळणार होती.

मुंबईच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले तेव्हा तिथल्या गृहस्थांनी मार्ग दोनदा वाचला. न्यू जलपायगुडीहून वाराणसी कशी, कुठून, असं विचारलं. गुवाहाटीकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या वाराणसी शहरात न शिरता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून, म्हणजे जुन्या मुघलसरायवरून, पुढे जातात. ते जंक्शन मार्गात स्पष्ट लिहा, असं त्यांनी सुचवलं. वाराणसी ते झाशी बुंदेलखंड एक्सप्रेसचा रस्ता मीच सांगितला. प्रयागराज, माणिकपूर, बांदा. यातली काही नावं गोडसे भटजींच्या पुस्तकातली. तसं म्हणताच त्या गृहस्थांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "वाचलंय मी ते." आमचं बोलणं दहा मिनिटं लांबलं.

तिकीट हातात आल्यावर जागा राखायच्या. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं. त्यामुळे सगळे टप्पे एकदम राखता येत नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीपासून मी थोड्या थोड्या दिवसांनी सकाळी खिडकीवर हजर. इथे प्रतीक्षायादीचं शास्त्र शिकले. गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशांचा कोटा मोठा, म्हणून त्यांची जीएनडब्ल्यूएल यादी भराभर सरकते. मधल्या स्टेशनांसाठी आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल, त्यांची जागा सहसा उशिरा पक्की होते. आमच्यासारखी माणसं बहुतेक वेळा मधल्याच स्टेशनावरून चढतात. प्रतीक्षायादीवर आरक्षित डब्यात चढता येत नाही, म्हणून जिथे यादी लांब दिसली तिथे मी दिवसच बदलला. थांब्याचे दिवस मोकळे ठेवले होते, त्याचा उपयोग इथे झाला. गाड्या पक्क्या, शहरातले दिवस सैल, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. कोणत्या शहरात काय बघायचं याची यादी मी मुद्दाम केली नाही. आईने विचारलं, तेव्हा काशीसाठी एक घाट आणि झाशीसाठी किल्ला, एवढंच सांगितलं.

आईची काळजी वेगळी होती, मुलगी एकटी आणि रात्रीच्या गाड्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्लीपर वर्गात बायकांसाठी सहा बर्थचा कोटा असतो, तो मी मागून घेतला. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा असा नियम आहे. मला दिवसभर खिडकी हवी होती आणि रात्री आडोसा, म्हणून जमेल तिथे साइड लोअर मागितला. १३९ हा रेल्वेचा मदतीचा नंबर तिने भिंतीवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवला. मी प्रत्येक थांब्यावर उतरल्यावर फोन करायचा, गाडीत बसल्यावर करायचा, आणि मध्ये लागला नाही तरी तिने घाबरायचं नाही, असा करार झाला.

सॅक रोह्याच्या बाजारात घेतली. घेताना एक गोष्ट तपासली, चेनला कुलूप लागतं का. स्टेशनाच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान ठेवून घेत नाहीत, आणि दोरीने आवळायच्या सॅकना कुलूप बसतच नाही. ज्या शहरात सकाळी उतरून रात्रीची गाडी धरायची, तिथे हे क्लोकरूम म्हणजे पाठीचा भार उतरवायची हक्काची जागा. मुक्कामासाठी स्टेशनांवरच्या रिटायरिंग रूम, तिकिटाच्या पीएनआरवर मिळणाऱ्या. कपडे तीन जोड, त्यातला एक लोकरी, तो फक्त दार्जिलिंगसाठी. आईने पेणचे पोह्याचे पापड भाजून डब्यात भरले, मेतकुटाची बाटली दिली आणि पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या. दशमी टिकते आणि गाडीत हात खराब होत नाहीत. एर्नाकुलम येईपर्यंत समोरच्या बर्थवरच्या मल्याळी आजींनी त्यातल्या दोन आवडीने खाल्ल्या.

निघाले त्या सकाळी मेमूने पनवेल, आणि मंगलेने परत रोह्यावरून दक्षिणेला. दोन-अडीच तासांत पुन्हा आपल्याच गावाजवळून जाताना फार बरं वाटलं. त्यानंतरचं वर्तुळ बहुतांशी आखल्यासारखं झालं. चेन्नईला एक दिवस कमी केला, कारण रामेश्वरहून पाय निघाला नाही. रामेश्वरहून येणाऱ्या आणि हावड्याला जाणाऱ्या गाड्यांची चेन्नईतली स्टेशनं वेगळी आहेत, तो बदल आधी माहीत असल्याने लोकलने सहज झाला. दार्जिलिंगला ढग होते, कांचनजंगा दिसलं नाही, तरी खाली उतरायची घाई केली नाही. उतरल्यावर प्रत्येक ठिकाणी तिकिटावर नोंद करून घेत होते. हावड्याच्या कर्मचाऱ्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. रामेश्वरची वाळू काशीत गंगेत सोडली आणि तिथून गडूभर पाणी घेतलं. ते आता आमच्या देवघरात आहे, आणि आईला त्यासाठी पुन्हा रामेश्वरला जायचंय.

झाशीचं स्टेशन आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी या नावाने ओळखलं जातं. किल्ल्याच्या तटावर उभं राहून मी शहराकडे बघत होते, तेव्हा मला राणीइतकाच तो वरसईचा तरुण भटजी दिसत होता. घरापासून इतक्या लांब, परतीच्या वाटेची काही शाश्वती नसलेला. माझ्या खिशात रोह्यापर्यंतचं तिकीट होतं.

शिमग्याच्या आधी घरी आले. काका तिकीट बघायला आले. मुदतीत प्रवास पुरा झाल्यावर ते स्टेशनावर द्यायचं असतं, पण मी त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यांनी एकेक थांबा मोठ्याने वाचला. ज्या रेल्वेसाठी त्यांनी उमेदीची वर्षं घातली, तिने ते स्वतः रत्नागिरीपुढे गेलेले नाहीत. ठेकेदाराकडे काम केलेल्यांना रेल्वेचा पास मिळत नाही, आणि ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. चक्रीय तिकिटाचं भाडं मात्र त्यांनाही परवडेल. गेल्या रविवारी त्यांनी माझ्याकडून अर्जाचा नमुना मागून घेतला. जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर मार्ग सुरू होऊन काश्मीरचे रूळ उरलेल्या देशाला जोडले गेले, चिनाबवरचा पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे, हे त्यांनी वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवलंय. त्यांच्या यादीत सध्या चार नावं आहेत. बारामुल्ला पहिलं. उरलेल्या चारांवर काकूशी बोलणी चालू आहेत, आणि पावसाळी वेळापत्रक कधी संपतं हे त्यांनी मला कालच विचारलं.